कुंडीत पाणी घालण्याआधी बोट घाला

आमच्या लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरात लगीनघाई असते. टाकी, पिंप, बादल्या, घागरी, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवायचा. सगळं भरून झालं की मग पाइप हातात घेऊन कुंड्यांकडे वळायचं, कारण नळ अजून चालू आहे आणि पाणी वाया घालवायची आपल्याला सवय नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं हे गाव. इथं पाणी पाजणं म्हणजेच माया करणं.

अडचण अशी की कुंडीला नळाच्या वेळापत्रकाप्रमाणे तहान लागत नाही. घरात मेलेली जी झाडं मी पाहिली (त्यातली निम्मी मीच मारलेली), त्यातली तहानेनं गेलेली थोडी. बरीचशी मुळं कुजून गेली, काही बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी गेली, आणि दोन-तीन तर केवळ उपचारांनी गेली. म्हणजे झाड मलूल दिसलं म्हणून पाणी, मग खत, मग नवी कुंडी, मग ऊन, हे सगळं एकाच आठवड्यात.

पहिला दिवस: फक्त बघायचं

झाड सुकलेलं दिसलं की त्या दिवशी त्याला काहीही देऊ नका. कुंडी उजेडाला आणा आणि आधी ते जिवंत आहे का ते बघा. रबर प्लांट, फायकस, क्रोटन अशा खोडाच्या झाडाला नखानं अगदी हलकं खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर तीन-चार बोटं खाली परत खरवडा. वरून वाळलेली फांदी बुंध्याशी हिरवी निघते, हे अनेकदा होतं. मनी प्लांट, पीस लिली, एग्लोनेमा यांना खोड असं नसतं, तिथं बुंधा चिमटीत धरून दाबायचा. घट्ट लागला तर आशा आहे. पिकलेल्या केळ्यासारखा दबला तर दुखणं मुळाशी आहे. झेडझेड प्लांटच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात. ते टणक असतील तर वरची सगळी पानं गेली तरी कुंडी फेकू नका, ते परत फुटतं.

मग बोट. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, म्हणजे साधारण दोन इंच. नुसत्या वरच्या मातीवर विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत वरची अर्धा इंच माती दोन तासांत पापडासारखी होते आणि खाली चिखल असतो. मोठ्या कुंडीला बोट पुरत नाही, तिथं खराट्याची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी काळपट ओली आणि मातीचे कण चिकटलेली आली तर आत पाणी आहे. तिसरी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, चार दिवसांनी परत उचला. आठवडाभरात हाताला कळायला लागतं, गॅसचा सिलिंडर किती उरलाय ते कळतं तसं.

या एका तपासणीतच निम्मं निदान होतं. झाड माना टाकून बसलंय आणि माती कोरडी, तर ती तहान. झाड माना टाकून बसलंय आणि माती ओली, तर मुळं कुजायला लागलीत आणि त्यांना ते पाणी उचलता येत नाही. दोन्ही झाडं वरून अगदी सारखी दिसतात. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “अगं, पाणी तर मी रोज घालायले की, तरी बी सुकायलंय!” त्यांच्या स्नेक प्लांटचं दुखणं त्या वाक्यातच होतं.

पानं काय सांगतात

पान कुठलं पिवळं पडलंय ते बघा, नवं की जुनं. हा फरक फार कामाचा आहे.

खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर पहिला संशय जास्त पाण्यावर घ्या. मातीतली ओल ठीक असेल आणि झाड वर्षानुवर्षं त्याच मातीत असेल तर नत्राची कमतरता. महिन्या-दोन महिन्यांत एखादं खालचं पान पिवळं होऊन गळणं हे आजारपण नाही, म्हातारपण आहे. तिकडे लक्ष देऊ नका.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या, ही लोहाची कमतरता. आपल्या भागात ही फार दिसते आणि शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही, चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ते हेच. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) चढलेला असतो आणि मुळांना ते उचलता येत नाही. कुंडीत तर आपण बोअरचं जड पाणी घालून दर आठवड्याला चुना भरतच असतो. यावर हिराकस (फेरस सल्फेट) घालून फारसा उपयोग होत नाही, तेही तसंच अडकून बसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा आणि त्यातही ‘ईडीडीएचए’ प्रकारचं मागा, ते जास्त सामूतही टिकतं. साधं ‘ईडीटीए’ आपल्या मातीत लवकर निकामी होतं. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या अर्धीनं सुरुवात करा.

जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. एक लिटर पाण्यात छोटा चमचा एप्सम सॉल्ट, पंधरा दिवसांतून एकदा, दोन वेळा. पुरे.

पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत होतात ते मुख्यतः क्षारांनी आणि कोरड्या हवेनं. अरेका पाम, स्पायडर प्लांट, ड्रॅसेना यांच्यात हमखास. देठं लांब, पानं लहान आणि विरळ, सगळं झाड खिडकीकडे वाकलेलं, हे उजेड कमी असल्याचं लक्षण. पानावर कोरडा, फिकट भाजल्यासारखा डाग, तोही खिडकीकडच्या बाजूलाच, म्हणजे ऊन लागलं. आणि पानावर बारीक फिके ठिपके किंवा धुळीसारखं काही दिसलं तर कीड; तिच्यावर पुढे येतेच.

माती कोरडी निघाली तर

हे सगळ्यात सोपं दुखणं. तरी लोक चुकतात ते इथं की वरून तांब्याभर पाणी ओततात, ते दहा सेकंदांत खालून वाहून येतं आणि वाटतं, भरपेट पाणी पाजलं. माती पार सुकली की ती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली जातं, मुळांच्या गोळ्याला शिवतही नाही. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की तेही पाण्याला दाद देत नाही.

बादलीत किंवा घमेल्यात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. खालच्या भोकातून माती पाणी ओढून घेते. वरची माती ओली दिसली की काढा, पाऊण तास निथळू द्या, मगच जागेवर ठेवा. उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला चालतं, फक्त पहिल्या झाडाला कीड-रोग नसेल तर. पीस लिली असेल तर गंमत बघायला मिळते, दुपारी जमिनीला टेकलेली पानं संध्याकाळच्या चहापर्यंत उभी राहतात. एवढं सुकलेलं झाड दोन-चार दिवस उन्हात किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका.

माती ओली निघाली तर

इथं जरा बसून काम करावं लागतं. मी माझ्या रबर प्लांटचंच सांगते, कारण त्यात बहुतेक सगळ्या चुका एकत्र झाल्या होत्या.

दिवाळीत आणलेलं झाड, दहा मोठी पानं. संक्रांतीपर्यंत चार उरली. वरची माती कोरडी दिसायची म्हणून मी पाणी घालत राहिले. शेवटी एका रविवारी गच्चीत वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली, कडेनं थापटली आणि झाड ओढलं. आधी वास आला, तुंबलेल्या नालीसारखा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि ताठ असतात. ही काळपट होती, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल शिजलेल्या शेवयांसारखी हातात यायची, आत नुसता दोरा राहायचा. बरं, सगळ्या मुळांचं तसं नव्हतं. मधोमध नर्सरीतला मातीचा मूळ गोळा तसाच होता, विटेसारखा चिकट आणि घट्ट, त्याला प्लास्टिकची जाळी. बाहेर मी घातलेली भुसभुशीत माती. दोघांचं कधी जमलंच नव्हतं, गोळ्यात पाणी साचून राहत होतं.

हा गोळा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत शोभेची पुष्कळ रोपं बाहेरून ट्रकनं येतात, पुण्याकडून येतात तशी आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहूनही. (नांदेडवरून वाहत गेलेली गोदावरीच पुढे राजमहेंद्रीला जाते, म्हणजे पाहुणे तसे आपल्याच नदीचे.) प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून माती चिकट वापरतात. तिथल्या दमट हवेत, वाढीच्या दिवसांत ते खपून जातं. आपल्या घरात कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीत तोच गोळा झाडाचा जीव घेतो.

तर करायचं असं. जाळी किंवा स्पंज असेल तर कात्रीनं कापून काढा. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, अर्ध्या तासानं बोटांनी हळूहळू सोडवा. सगळी माती निघालीच पाहिजे असं नाही, पण बाहेरची दोन-तृतीयांश तरी निघू द्या. कात्रीची पाती स्पिरिटनं पुसून घ्या आणि काळी, मऊ, वास येणारी मुळं ताठ भागापर्यंत कापा. इथं दया दाखवू नका. एक कुजलेलं मूळ राहिलं की बाकीच्यांना घेऊन जातं. मुळं निम्मी गेली असतील तर वरची पानंही त्या मानानं कमी करा, उरलेल्या मुळांना सगळ्यांचं पाणी पुरवणं झेपत नाही. रबर प्लांट कापला की पांढरा चीक येतो, तो हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. मनी प्लांट, डायफेनबॅकिया यांच्या रसानंही खाज सुटते, आग होते. लहान मुलं आणि मांजरं जवळ नकोत.

कापून झाल्यावर सावलीत तास-दोन तास वारं लागू द्या. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तर दोन दिवस उघडं ठेवलं तरी चालतं, जखम सुकलेली बरी. मग नवी कोरडसर माती, आणि कुंडी लहान. उरलेल्या मुळांभोवती इंच-दीड इंच जागा राहील एवढीच. आजारी झाडाला मोठी कुंडी देणं ही माया नव्हे. जिथं मुळं नाहीत तिथली माती नुसती ओली राहते आणि कुज परत सुरू होते.

मातीत चमचाभर ट्रायकोडर्मा (कुजेच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) गांडूळखतात कालवून घालायला हरकत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे जैविक मिश्रण हळद-आलं करणाऱ्यांच्या घरात असतंच, तेही चालतं. पण ते पुढची कुज रोखायला. कुजलेलं मूळ त्यानं परत पांढरं होत नाही, कात्री लावावीच लागते.

लावल्यावर रबर प्लांटसारख्या झाडाला थोडं पाणी, स्नेक प्लांटला आठवडाभर काहीच नाही. नंतर बोट सांगेल तेव्हाच. माझ्या झाडानं पुढचे सात आठवडे काहीही केलं नाही. आणखी एक पान टाकलं, तेवढंच. मार्चच्या सुरुवातीला शेंड्याला लालसर टोकदार म्यान दिसलं आणि त्यातून पान उलगडलं. या सात आठवड्यांत मी रोज कुंडीशी जाऊन उभी राहायचे आणि हात मागे बांधून परत यायचे. हा उपचाराचा सगळ्यात अवघड भाग.

माती कशाची करायची

शेतातली काळी माती आणू नका. मला माहीत आहे, घरची आहे, कसदार आहे, त्यात कापूस डोक्याएवढा होतो. पण ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. रानात तिला पसरायला जागा असते. आठ इंची कुंडीत ती फुगली की मुळांना हवा मिळत नाही आणि भेगाळली की बारीक मुळं तोडते. घालायचीच असली तर पाचात एक भाग, जास्त नाही.

मी वापरते ते प्रमाण असं: दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं गांडूळखत, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड, जेड यांना वाळू-विटा निम्म्यापर्यंत न्या. मातीतले चुनखडीचे पांढरे खडे वेचून टाका. बांधकामावरची बारीक कच नको, ती सिमेंटसारखी बसते. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून वीट भिजवून फुगली की दोनदा पिळून ते पाणी टाकून द्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच, हातात घेतल्यावर गरम लागतं ते नव्हे.

कुंडीच्या तळाला भोक हवं. सिरॅमिकची बिनभोकाची सुंदर कुंडी भेट मिळाली असेल तर झाड प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती आत बसवा, आणि पाणी घालताना बाहेर काढा.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे

तुमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजते का? साबणाला फेस येतो का? नसेल तर ते पाणी कुंडीलाही जड आहे. पाणी मातीतून आणि पानांतून उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर आणि ताटलीत पांढरा थर दिसतो तो हाच. शेतात पाऊस दरवर्षी हे धुऊन काढतो, घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही.

आता तीन पाणी असे, जे काटकसर म्हणून आपण कुंडीला घालतो आणि घालू नयेत. पहिलं, फिल्टरचं वाया जाणारं पाणी. आरओ मशीन चांगलं पाणी एका नळीनं देतं आणि काढलेले क्षार दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतं, म्हणजे ते पाणी मूळच्या बोअरपेक्षाही खारट. फरशी पुसा, संडासात टाका, कुंडीत नको. दुसरं, कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत घट्ट होत जातात. तिसरं, सॉफ्टनर बसवलेल्या नळाचं. त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं.

चांगलं पाणी कुठलं? पावसाचं, सगळ्यात उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊ असतं, उन्हाळ्यात रोज बादलीभर मिळतं, ते साध्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून घालते मी. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा.

आधीच खारावलेली कुंडी धुता येते. वरचा पांढरा थर अर्धा इंच मातीसकट खरवडून टाका. मग कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट-तिप्पट मऊ पाणी हळूहळू ओता आणि खालून वाहू द्या. पाच लिटरच्या कुंडीला दहा-पंधरा लिटर. मे महिन्यात हे सांगायला मलाच लाज वाटते. म्हणून मी हे काम पावसाळ्यावर ठेवते: श्रावणातली झड लागली की कुंड्या गच्चीत भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवायच्या, दोन दिवस भिजू द्यायच्या, ऊन पडायच्या आत घरात आणायच्या. फुकटात मातीही धुतली जाते आणि पानांवरची धूळही. मुळं कुजलेली कुंडी मात्र या सहलीला न्यायची नाही.

उजेड

दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंच हात धरा. सावलीची बोटं स्वच्छ मोजता आली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, झेडझेड तग धरतील. सावलीच दिसत नसेल तर तिथं झाड ठेवू नका, प्लास्टिकचं ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊलाच खिडक्या लावून पडदे ओढतात. म्हणजे डिसेंबरात उजेडाची असलेली जागा एप्रिलमध्ये अंधारकोठडी होते, आणि झाड तिथंच असतं. त्याला सरकवा. पश्चिमेच्या खिडकीत चिकटून मात्र नको, मार्च ते जून तिथलं ऊन काचेतूनही पान भाजतं. अंधारातलं झाड एकदम उन्हात नेलं तरी भाजतं. दोन-तीन दिवसांनी हातभर, असं नेत जा.

कीड

पान उलटं करून बघा. कापसासारखे पांढरे पुंजके देठाच्या बेचक्यात दिसले तर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. तपकिरी, चिकटलेले खवले नखानं खरवडून निघतात ती खवले कीड, तिलाही स्पिरिटच.

उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी लाल कोळी. दिसत नाही, फक्त पानं फिकट, धुरकट होतात आणि बेचक्यात बारीक जाळं. पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालायला लागले तर कोळीच. त्याला गरम, कोरडी हवा मानवते, म्हणजे आपला एप्रिल. झाड न्हाणीघरात न्या, कुंडीच्या मातीला पिशवी बांधा आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या झोतानं धुवा. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी बघा. पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा करायचं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यानं मरत नाहीत.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली आहे. वरची इंचभर माती सुकू द्या आणि शेतात लावतो तो पिवळा चिकट सापळा कात्रीनं लहान कापून काडीला लावा.

शेतातली उरलेली कपाशीची औषधं घरात फवारू नका. चार थेंब असोत की दोन. ती बंद खोलीत श्वासातून आपल्याच अंगात जातात.

खत

आजारी झाडाला खत नको, हे एवढं सरळ आहे. सासरे औशाकडे शेती करतात. माझं मलूल सिंगोनियम बघून म्हणाले, “चिमूटभर युरिया टाक गं, दोन दिवसांत काळोखी धरतंय बघ.” टाकला. रानात त्यांचं चुकत नाही, तिथं मुळं धडधाकट असतात आणि खत पसरायला जमीन असते. वाटीभर मातीत त्या चिमटीनं मुळं करपली. दोन नवी पानं पूर्ण उघडली की मगच 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, ओल्या मातीत, महिन्यातून एकदा. थंडीत तेही नाही.

एक फांदी बाजूला काढून ठेवा

झाड वाचेल की नाही याची शंका असेल तर त्याच दिवशी सुदृढ भागाची फांदी कापून ठेवा. मनी प्लांट, सिंगोनियमची फांदी पेराखाली कापून बाटलीत ठेवा. पेर पाण्यात बुडायला हवं, मुळं तिथूनच येतात, दोन-तीन आठवड्यांत. पाणी चार दिवसांनी बदला. स्नेक प्लांटचं पान चार-चार बोटांचे तुकडे करून वाळूत लावता येतं. खालची बाजू खालीच ठेवा, उलटा तुकडा मुळं धरत नाही. पिवळ्या काठाच्या जातीच्या तुकड्यातून बहुधा साधं हिरवं रोप येतं, तेव्हा दुकानदाराला दोष देऊ नका. पिवळा काठ हवा असेल तर बुंध्याजवळचा फुटवा मुळासकट वेगळा करा.

झाड गेलंच तर माती फेकायची गरज नाही. मे महिन्यात ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरून गच्चीच्या पत्र्यावर पातळ पसरून ठेवा, महिना-दीड महिना. आपल्याकडचं बेचाळीस अंशांचं ऊन बुरशीही मारतं आणि किडीची अंडीही.

कधी काय

कुंडी बदलायला सगळ्यात चांगले दिवस मृग लागल्यानंतरचे. जूनच्या पहिल्या पावसानं हवा दमट होते आणि मुळं जोर धरतात. एप्रिल-मेमध्ये फक्त कुजेचं झाड काढायचं, बाकी सगळं थांबू शकतं. पावसाळ्यात पाणी निम्म्यावर आणा. मे महिन्यात चौथ्या दिवशी पाणी मागणारी कुंडी ऑगस्टमध्ये दहा दिवस ओली राहते. थंडीत परभणीकडे पारा एक अंकी होतो. तिथं रात्री झाड खिडकीच्या काचेपासून आत घ्या आणि पाणी सकाळी उन्हं आल्यावर, तेही खोलीत ठेवलेलं. उन्हाळ्यात तीन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर एकमेकींची हवा ओली राहते. कूलर खोलीत असणं चांगलं, त्याचा झोत थेट पानांवर नको.

सुट्टीत आठ दिवस गावी जायचं असेल तर जाड सुती दोरीचं एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खुपसा आणि दुसरं शेजारी उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत तळापर्यंत सोडा. मनी प्लांट, पीस लिलीला हे पुरतं. स्नेक प्लांट आणि झेडझेडला आठ दिवस काहीच लागत नाही. शेजारच्या काकूंकडे चावी देताना मी आता त्या दोन कुंड्या उचलून कपाटावर ठेवते, त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा.